जाड शाफ्टसुद्धा का तुटतो

बोटीचा पंखा फिरवणाऱ्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, मी लिहिलं होतं; त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "फॅक्टर ऑफ सेफ्टी ४ घ्या म्हणता, मग फॅटीगची भीती कशाला घालता? शाफ्ट जाडो घालूचो, बाकी सगळ्यो गजाली." यातला पहिला टोला बरोबर बसलाय. फॅक्टर ऑफ सेफ्टी ४ म्हणजे ताकदीच्या चौथ्या हिश्श्याएवढाच ताण येऊ द्यायचा; पण कुठल्या ताकदीला चारने भागायचं, हे मी लिहिलंच नव्हतं. स्टील ताणून तोडायला लागणाऱ्या ताकदीला भागलंत, तर ते गणित जागच्या जागी उभ्या ओझ्याचं. बोटीचा शाफ्ट फिरतो, आणि पुन्हा पुन्हा ताण येऊन धातू थकून तुटतो, तेच फॅटीग.

किती फिरतो? गिअरबॉक्सच्या पुढे ६०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ६०० फेरे, धरा. तासाला ३६,००० फेरे. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली आणि इंजिन रोज आठ तास चाललं, तर पस्तीसेक दिवसांत, म्हणजे गणपतीच्या आसपास, एक कोटी. पंखा मागे लोंबतोय, अलाइनमेंट थोडी हललेली असतेच. त्यामुळे शाफ्टची कातडी प्रत्येक फेऱ्यात एकदा ताणली जाते, एकदा दाबली जाते. साध्या स्टीलला कोरड्या हवेत एक मर्यादा असते. ताण तिच्या खाली ठेवला तर कितीही फिरवा, तुटत नाही. खाऱ्या पाण्यात ती मर्यादाच उरत नाही.

आता जाडीचं. ५० चा ६० मिलिमीटर केलात तर ताकद ७३ टक्क्यांनी वाढते, हे खरंच. आमच्या नात्यातल्या एका बोटीवर हेच केलं होतं. पण पंखा जुनाच, त्याचं भोक जुनंच. मग लेथवर शाफ्टचं टोक उतरवून पन्नासचं केलं, पायरी अगदी काटकोनात. हंगाम संपायच्या आत शाफ्ट तिथेच तुटला. अशा धारदार कोपऱ्यात ताण एकवटतो; जाडी वाढवून आम्ही तुटायला नवी जागा करून दिली होती! तुटलेल्या तोंडावर ओहोटीने पुळणीवर सोडाव्यात तशा बारीक रेघा होत्या, सुरुवात पायरीच्या कोपऱ्यातून. शेवटचा टवका तेवढा खडबडीत. इंग्रजीतही त्या रेघांना किनाऱ्याचंच नाव आहे.

पुढचा शाफ्ट पुन्हा पन्नासचाच घातला, म्हणजे पायरीच नको. फक्त चावीच्या, म्हणजे पंखा शाफ्टवर घट्ट धरणाऱ्या तुकड्याच्या, खाचेचे कोपरे गोल केले आणि खाच टोकाला चमच्यासारखी वर उचलून संपवली. तो अजून चालतोय. एका शाफ्टवरून सिद्धांत मांडत नाही, पण हिशेबही तेच सांगतो.

तुम्ही म्हणता मिस्त्री अंदाजाने करतात. चांगला मिस्त्री न सांगता कोपऱ्यावर कानस फिरवतो, तो अंदाज नव्हे. झिजलेल्या शाफ्टवर वेल्डिंगचा थर चढवणाऱ्यांबद्दल मात्र मी काही चांगलं लिहिणार नाही.

जूनमध्ये बोट वर ओढाल तेव्हा पंखा काढून खाचेचे कोपरे पुसा, रॉकेल लावा, कोरडं करून खडूची भुकटी चोळा. भेग असेल तर रेघ ओली उमटेल. आणि तुमच्याकडचा एखादा तुटलेला तुकडा असेल तर त्याच्या तोंडाचा फोटो पाठवा. त्याआधी तो घासून साफ करू नका.