हायवेवर ऐंशी-नव्वदच का? पेट्रोलचा आणि बोनेटच्या रंगाचा हिशोब

आपल्याकडे पाहुणा गाडीतून उतरला की पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न येतो, "किती वेळात आलात?" जळगाव ते धुळे पन्नास मिनिटं सांगितली की कौतुक. सव्वा तास सांगितला की "गाडीत काही प्रॉब्लेम आहे का?" फागणे-तरसोद आणि तरसोद-चिखली हे चौपदरीकरणाचे टप्पे रखडले होते तेव्हा आपण सगळ्यांनी त्या रस्त्यावर वर्षानुवर्षं धूळ खाल्ली. त्यामुळे आता मोकळा रस्ता समोर दिसला की पाय आपोआप दाबला जातो, हे मला समजतं. तरीही माझं मत स्पष्ट आहे. आपल्या हायवेवर साध्या कारचा नेहमीचा वेग ८० ते ९० असावा. सुरक्षेबद्दल बाकीचे खूप लिहितात, म्हणून मी आज पेट्रोल आणि गाडीच्या पुढच्या भागाच्या रंगाबद्दल लिहितोय. हे दोन्ही खर्च एकाच पायावर अवलंबून आहेत आणि ते कोणी एकत्र मोजत नाही.

आधी कायद्याचं. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार कारसाठी एक्सप्रेसवेवर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि इतर रस्त्यांवर ७० ही वरची मर्यादा आहे. जिथे बोर्डावर त्याहून कमी लिहिलंय तिथे बोर्डाचा आकडा पाळायचा. म्हणजे ८५ ने जाणारा माणूस कुणाचा रस्ता अडवतोय असं समजायचं कारण नाही, फक्त त्याने डाव्या लेनमध्ये राहावं. उजवी लेन धरून ८० ने रमतगमत जाणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही.

आता वेळ. जळगाव-धुळे अंतर सुमारे ९० किलोमीटर धरू. सतत ८० ने गेलात तर साधारण ६८ मिनिटं, १०० ने ५४, १२० ने ४५. कागदावर ८० आणि १०० मध्ये १४ मिनिटांचा फरक, १०० आणि १२० मध्ये फक्त ९. वेग जितका वाढवाल तितका वाचणारा वेळ कमी होत जातो. शिवाय हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात टोलची रांग, गावाजवळ आडवा येणारा ट्रॅक्टर, बिनलाईटची ट्रॉली, चुकीच्या बाजूने येणारी मोटरसायकल यांत त्यातली निम्मी मिनिटं जातात. तुम्हाला दणक्यात ओव्हरटेक करून गेलेली गाडी पारोळ्याच्या पुढे तुमच्या दोन गाड्या पुढे उभी दिसते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

पेट्रोल मात्र उलट वागतं. हायवेवर इंजिनाचा मोठा खर्च समोरची हवा बाजूला सारण्यात होतो आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की वेग पावपट वाढतो, हवेचा विरोध मात्र दीडपटीच्या वर जातो. ८० वरून १२० वर गेलात तर सव्वादोन पट. टायरच्या घर्षणाचा खर्च त्या मानाने फारसा बदलत नाही, म्हणून एकूण अॅव्हरेज एवढं पडत नाही, पण पडतंच. माझी पेट्रोल हॅचबॅक टाकी फुल ते टाकी फुल मोजली तर ८०-८५ ला वीसच्या पुढे देते, ११० च्या घरात नेली की सोळावर येते. धुळ्यापर्यंत म्हणजे एक लिटरहून थोडं जास्त पेट्रोल, वाचतात चौदा ते अठरा मिनिटं. पेट्रोलने शंभरी कधीच ओलांडली आहे. त्यात आता २० टक्के इथेनॉल आलंय आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणजे थोडं अॅव्हरेज आधीच गेलेलं आहे. उरलेलं तरी आपल्या हातात ठेवा.

(डॅशबोर्डवर दिसणाऱ्या अॅव्हरेजवर जाऊ नका. एकाच पंपावर, एकाच नोझलला, पहिल्या कटला (नोझल आपोआप बंद होतं तिथे) टाकी भरून मोजा. स्पीडोमीटरही बहुतेक गाड्यांत खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, मोबाईलच्या जीपीएसवर एकदा पडताळून बघा.)

खान्देशात एक गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे वारा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. जून-जुलैत पश्चिमेकडून वारा सुटतो तेव्हा धुळ्याहून साक्री, कोंडाईबारी, नवापूरकडे जाताना तो थेट तोंडावर येतो. तुम्ही ८० ने जाताय आणि समोरून २५ चा वारा आहे, तर गाडीला १०५ ची हवा लागते, म्हणजे हवेचा विरोध जवळजवळ पावणेदोन पट. त्याच रस्त्याने परत येताना वारा पाठीशी असतो आणि अॅव्हरेज छान मिळतं. "जाताना गाडीने पेट्रोल खाल्लं, येताना नाही" असं म्हणत लोक मेकॅनिककडे जातात, गाडीचा काही दोष नसतो. त्या दिवसांत जाताना मी ७५ वर समाधान मानतो.

बाकीचं थोडक्यात. लग्नसराई संपली की टपावरचं कॅरिअर काढून ठेवा, रिकामं असलं तरी ते हवा अडवतं. टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना बघा. ८० च्या पुढे काचा उघड्या ठेवून एसीची बचत होत नाही. आणि कन्नडचा घाट उतरताना न्यूट्रल करू नका. आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतारावर पाय सोडला की इंधन बंदच करतात, न्यूट्रलला मात्र आयडलिंगसाठी ते चालू राहतं. वर इंजिनाचा ब्रेक हातून जातो. ही सवय जुन्या ड्रायव्हर मंडळींकडून आपल्याकडे आलीये आणि ती आजच्या आज सोडण्यासारखी आहे.

आता रंगाबद्दल, कारण मला खरी कळकळ तिथे आहे.

गेल्या महिन्यात मेहुण्यांची पांढरी गाडी धुतली. तीन वर्षांची गाडी, आठवड्याला भुसावळ-धुळे. लांबून चकाचक. बोनेटच्या पुढच्या कडेवर, लोगोच्या वर, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघितलं तर मोहरीएवढे टवके, बोटाच्या पेरात पाच-सहा. नख फिरवलं की प्रत्येक ठिकाणी अडकतं. त्यातल्या काहींच्या भोवती तांबूस कडं धरलेलं. बंपरवरही टवके होते, पण बंपर प्लास्टिकचा, तो गंजत नाही. बोनेट पत्र्याचं. तिथे रंग पत्र्यापर्यंत उडाला की दोन पावसाळ्यांत गंज रंगाच्या खाली सरकायला लागतो.

गाडीचा रंग किती जाड असतो? कंपनीतून येतो तेव्हा सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या दुप्पट धरा. त्यात सगळ्यात खाली पत्र्याला गंजापासून वाचवणारा थर, जो आख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने चढवतात. मग प्रायमर, मग रंग, मग वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. तो खालचा थर कंपनीच्या भट्टीत खूप जास्त तापमानावर पक्का होतो. गावातल्या बूथमध्ये तसं करता येत नाही, कारण तयार गाडीत वायरिंग, रबर, प्लास्टिक सगळं बसलेलं असतं. आमचे पेंटर काका हात चांगला असूनही स्वतःच सांगतात, "भाऊ, कंपनीचा रंग तो कंपनीचा. मी दिसायला तसा करून देईन, टिकायला नाही." म्हणून टवके उडाले की पूर्ण बोनेट रंगवून घेणं हा मला शेवटचा उपाय वाटतो. गाडी विकतानाही घेणारा आधी हेच विचारतो, कुठे रंगकाम झालंय का.

हे टवके येतात कुठून? गिरणेच्या, तापीच्या, पांझरेच्या वाळूचे डंपर आणि क्रशरवरून निघालेली खडी. फाट्यावर वळताना डंपर सांडतो, मग ती खडी मागच्या चाकांखाली उडत राहते. लोकांना वाटतं दगड वेगाने आपल्याकडे येतो. खरं तर तो बराचसा जागच्या जागी उसळतो आणि आपली गाडी त्याच्यावर जाऊन आदळते. म्हणून आपला वेग इथे सगळ्यात महत्त्वाचा. आघाताची ऊर्जाही वेगाच्या वर्गाने वाढते. ८० ला जो खडा टक् आवाज करून निसटतो, त्याच खड्याचा मार ११० ला जवळजवळ दुप्पट बसतो आणि रंग सोडवतो. काचेचंही तेच. चण्याएवढा टिचका पडला तर लगेच रेझिन भरून घ्या. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या काचेवर आतून एसीचा झोत सोडलात की त्या टिचक्याची रेघ होते आणि मग आख्खी काच बदलावी लागते.

वेगाइतकंच अंतर. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पुढच्या वाहनापासून तीन सेकंद, म्हणजे साधारण ६५-७० मीटर सोडा. खडीचा डंपर असेल तर त्याहून जास्त. आणि पुढे जायचंच असेल तर त्याच्या शेपटाला चिकटून वाट बघत बसू नका. लांबूनच लेन बदला आणि बाजूला अंतर राखून एका दमात पुढे जा. डाव्या कडेने, साईडपट्टीवरून तर अजिबात घुसू नका, सगळी सुटी खडी तिथेच साठलेली असते. नव्याने डांबर टाकून वर बारीक खडी पसरलेल्या आतल्या रस्त्यांवर तीस-चाळीसच्या पुढे जाऊ नका. आमच्याकडचा एक जुना ट्रकवाला दादा अशा रस्त्यावर कारवाल्यांना हात करून थांबवायचा आणि विचारायचा, "दादा, इतली घाई कसानी शे?"

दुसरा शत्रू किडे. पहिला पाऊस झाला की रात्री उधईची (वाळवीची) पाखरं लाईटवर तुटून पडतात, आणि रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात पावसाळाभर काही ना काही उडत असतं. बंपर आणि बोनेटवर चिकटलेला तो चिकटा आम्लधर्मी असतो. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की तापलेल्या पत्र्यावर तो भाजून क्लिअर कोटमध्ये उतरतो आणि मग पॉलिशनेही डाग पूर्ण जात नाही. घरी आल्यावर ओलं फडकं दहा मिनिटं त्यावर नुसतं अंथरून ठेवा, मग अलगद उचला. कोरड्या फडक्याने घासू नका. त्यावर आपली धूळ असते आणि धुळीने घासणं म्हणजे पॉलिश पेपर मारणं. महिना-दोन महिन्यांतून पुढच्या भागाला वॅक्स लावलं असेल तर किडे निम्म्या कष्टात निघतात.

आता पीपीएफ (रंगावर चिकटवायची संरक्षक फिल्म) आणि कोटिंग. जळगावात, धुळ्यात डिटेलिंगची दुकानं वाढलीत, चांगली गोष्ट आहे. पण एकाने मला तोंडावर सांगितलं की सिरॅमिक कोटिंग केलं की दगडाचा टवका पडत नाही. हे साफ चूक आहे. कोटिंगचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. पाणी घसरेल, किडे सहज निघतील, चमक राहील, पण खडीपुढे त्याचा काही उपयोग नाही. दगड झेलते ती पीपीएफ, म्हणजे टीपीयू या लवचिक प्लास्टिकची १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक फिल्म. रंगापेक्षाही जाड. तिच्यावरचे बारीक ओरखडे उष्णतेने भरून येतात, आणि उष्णतेची आपल्याकडे कमी नाही. पण चांगल्या फिल्मने पूर्ण गाडी करायची तर खर्च लाखाच्या घरात जातो. माझा सल्ला असा की पूर्ण गाडीच्या मागे लागू नका. नवी गाडी असेल आणि हायवेचं रनिंग जास्त असेल तर बंपर, बोनेट आणि आरशांची पाठ एवढंच करा. टीपीयूच आहे ना हे बिलावर लिहून घ्या, स्वस्त पीव्हीसी काही काळाने पिवळी पडते. आणि रोज ११०-१२० ने डंपरच्या मागे लागणार असाल तर आधी तो पाय उचला, फिल्मचे पैसे त्यानंतर खर्च करा.

जुने टवके असतील तर टचअप घरीच होतं. गाडीच्या प्लेटवर रंगाचा कोड असतो, त्या कोडची छोटी बाटली मागवा. गंज असेल तर आधी टोकाने खरवडून काढा, स्पिरिटने पुसा. बाटलीच्या ब्रशने रंग लावू नका, तो फार जाड बसतो. टूथपिकच्या टोकावर थेंब घ्या, टवक्यात सोडा, वाळू द्या, पुन्हा सोडा. शेवटी क्लिअरचा थेंब. जवळून बघितलं तर दिसतं, पण पत्रा झाकला जातो आणि तेच हवं असतं.

एक मागणी मात्र जाहीरपणे करतो. वाळू आणि खडी वाहणाऱ्या प्रत्येक डंपरवर ताडपत्री बांधलेली असलीच पाहिजे, आणि क्रशरचा फाटा हायवेला लागतो तिथला तुकडा रोज झाडला गेला पाहिजे. कारचं एक वेळ बोनेट जाईल, मोटरसायकलवाल्याचा डोळा जातो. आपल्या ग्रामपंचायतीत, तहसीलला, लोकप्रतिनिधीला हे लेखी द्या. मी आमच्या फाट्यासाठी अर्ज दिलाय, त्याचा नमुना हवा असेल तर मागा, पाठवतो.

आणि ज्यांनी पीपीएफ लावून आपल्या उन्हात तीन-चार उन्हाळे काढलेत त्यांनी कडा उचलल्या का, पिवळेपणा आला का, ते फोटोसकट खाली टाका.