‘गाडी नुसती धुऊन दिली’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार,

गाडीच्या अंतर्भागाची फेंगशुईनुसार मांडणी करून देण्याचे काम आपण आमच्याकडे सोपवले होते आणि त्याबद्दल आपण आम्हाला एकच तारा दिला आहे. आपले म्हणणे असे की, आरशाला टांगलेला स्फटिकाचा गोल आणि डॅशबोर्डवर चिकटवलेले कासव आम्ही काढायला लावले, दिशा पाहिल्याच नाहीत, गाडी नुसती धुऊन-पुसून दिली, आणि पुढच्याच महिन्यात पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीला मागून पोचा आला.

आधी दिशांविषयी. इ.स. २७६ ते ३२४ या काळात होऊन गेलेले चिनी विद्वान ग्वो पू यांच्या नावावर फेंगशुईचा जो जुना ग्रंथ सांगितला जातो, त्यात विचार आहे तो कबरीसाठी जागा निवडण्याचा. म्हणजे डोंगर, वारा आणि पाणी यांच्या संदर्भात एका जागी स्थिर राहणाऱ्या गोष्टीचा. गाडीचे तोंड एका वळणावर पूर्वेला असते, तर पुढच्या वळणावर दक्षिणेला. शिवाय होकायंत्र गाडीत नेले, की पोलादी सांगाड्यामुळे आणि स्पीकरमधल्या चुंबकांमुळे त्याची सुई भलतीकडेच वळते. आपल्यासमोरच आम्ही ते दाखवले होते. काही सल्लागार बागुआची अष्टकोनी आकृती गाडीच्या आराखड्यावर मांडून ‘हा कोपरा धनाचा, तो नात्यांचा’ असे सांगतात. आम्ही ते करत नाही, आणि काम स्वीकारतानाच तसे स्पष्ट सांगतो.

धावत्या गाडीला लागू करण्याजोगे फेंगशुईत जे उरते, ते आमच्या मते एवढेच: ‘ची’चा, म्हणजे प्राणशक्तीचा, प्रवाह अडू नये. गाडीत याचा अर्थ चालकाची नजर आणि श्वास मोकळा राहणे. आरशाखाली झुलणारा गोल नेमका त्या ठिकाणी असतो, जिथून रस्ता ओलांडणारा माणूस दिसायला हवा. आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १६ मीटरहून अधिक अंतर कापते. उन्हात उभ्या गाडीत असा गोल भिंगासारखे काम करून सीटचे कापडही जाळू शकतो. कासवाची गोष्ट याहून गंभीर होती. ते डाव्या बाजूच्या एअरबॅगच्या झाकणावरच चिकटवलेले होते. धडक झाली तर ती पिशवी सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास फुगते आणि झाकणावरची वस्तू समोर बसलेल्याच्या चेहऱ्यावर आदळते. समृद्धीचे प्रतीक म्हणून ठेवलेल्या वस्तूला ही जागा देणे कोणत्याही शास्त्रात बसणार नाही.

आता ‘नुसती धुतली’ याविषयी. पुढच्या काचेला आतून जो धुरकट, चिकट थर होता, तो बाहेरून येत नाही. उन्हाने तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून निघणारी द्रव्ये काचेवर बसून तो तयार होतो, आणि रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश त्यावर पसरून डोळे दिपतात. तो थर काढायला बाहेरची पूर्ण गाडी धुण्याहून अधिक वेळ लागला. केबिनमधल्या हवेचा फिल्टर आम्ही झटकून पाहिला, तर त्यात वाळकी पाने अडकलेली होती. आतलीच हवा फिरवत ठेवण्याचे बटण कायम चालू ठेवू नये, कारण बंद काचांत श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि लांबच्या प्रवासात जडपणा, पेंग येते, हे सांगितले तेव्हा आपण फोनवर बोलत होता; म्हणून ते इथे पुन्हा लिहिले.

पोचा आल्याचे वाईट वाटते. पण उभ्या गाडीवर दुसऱ्याने मागे घेताना आणलेली गाडी कोणत्याही मांडणीने थांबत नाही, आणि तसे आश्वासन आम्ही आपल्याला किंवा अन्य कुणालाही दिलेले नाही.

ठरलेले काम पूर्ण झालेले असल्यामुळे शुल्क परत करता येणार नाही. काढलेल्या दोन्ही वस्तू आपल्याच मागच्या सीटवर पिशवीत ठेवल्या आहेत. त्या घरात खुशाल मांडाव्यात. दिशांनुसार आखणीच हवी असेल, तर तशी करून देणाऱ्या सल्लागाराकडे आपण अवश्य जावे, मात्र एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू देऊ नये.

आपला,
संचालक