"पडदा चोकच होत नाही" म्हणे

बिल्डिंगच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय. समुद्राचं पाणी उन्हावर तापवायचं, पडद्यातून नुसती वाफ काढायची, मीठ मागे राहतं, वाफच जाते म्हणून पडदा कधी चोक होत नाही, वीज लागत नाही, पाणी शंभर टक्के शुद्ध, आणि तरी मुंबई पालिका मनोरीच्या खारं पाणी गोडं करायच्या प्लांटला मुद्दाम आरओ (दाबाने पाणी पडद्यातून ढकलायचं तंत्र) लावतेय. पडद्यातून वाफ काढायचं हे तंत्र, मेम्ब्रेन डिस्टिलेशन, खरंच आहे हो, थापा बाकीच्या आहेत.

चोक होत नाही? अहो पलीकडे वाफ जाते, पण अलीकडे पडद्याला चिकटून 60-70 डिग्रीचं खारं पाणीच असतं ना! टँकरचं बोअरचं पाणी सुरू झालं की गीझरच्या कॉइलवर पांढरी पुटं चढतात, तसंच हे, तापल्यावर चुना सुटतो आणि पाणी आटत घट्ट झालं की जिप्समचे खडे धरतात, वर शेवाळ-बॅक्टेरिया वेगळे. त्यात भोकं बुजतात ते सोडाच, थरामुळे उष्णताच पडद्यापर्यंत नीट पोचत नाही, म्हणजे वाफेचा जोर कमी, पण पडद्यातून फुकट पलीकडे झिरपणारी उष्णता चालूच. एक मान्य, आरओसारखा 60 बारच्या आसपासचा दाब इथे नसतो म्हणून गाळ तितका दाबून बसत नाही, चुन्याचा थर ॲसिडने धुतला की बराच निघतोही. पण "कधीच नाही"??

आणि खरी भीती थराची नाहीच, साबणाची आहे. हा पडदा टेफ्लॉनसारख्या पाणी झटकणाऱ्या प्लास्टिकचा असतो, रेनकोटवरून थेंब ओघळतात ना तसं. तोच रेनकोट दोनदा निरम्यात धुवा आणि मग पावसात जा. डिटर्जंट, तेल लागलं की पाणी भोकात शिरतं आणि खारं पाणी सरळ पलीकडे. आपल्या खाड्यांमध्ये काय काय उतरतं ते माहीमवरून ट्रेनने जाताना नाकाला कळतंच.

शंभर टक्के शुद्ध, तर मीठ 99 टक्क्यांच्या वर अडतं, मस्तच. पण अमोनियासारखं जे स्वतःच उडून जातं ते वाफेबरोबर जाणारच.

आता "वीज लागत नाही". एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण 0.65 युनिट उष्णता लागते, म्हणजे हजार लिटरला 650. आरओला तेवढ्याच पाण्याला 3-4 युनिट वीज. म्हणूनच हे तंत्र शोभतं ते कारखान्याची वाया जाणारी उष्णता असेल तिथे, किंवा आरओलाही न झेपणाऱ्या अति खारट पाण्याला. मनोरीला दिवसाला 20 कोटी लिटर पाहिजे, म्हणजे 13 कोटी युनिट उष्णता. एक चौरस मीटर सोलर कलेक्टर दिवसाला अडीच युनिट देतो धरा, तर 52 चौरस किलोमीटर झाले, म्हणजे बोरिवलीचं अर्धं नॅशनल पार्क काचेखाली झाकायचं. तीच उष्णता चार-पाचदा फिरवून वापरली तर 10-13 चौरस किलोमीटरवर येईल, मशीन महाग होईल ते वेगळं. आणि जून ते सप्टेंबर ऊन कुठून आणायचं ते मेसेजमध्ये लिहिलेलं नाही.