मावशीची ॲमेझॉन शाल

गेल्या आठवड्यात आमच्या माहेरच्या ग्रुपवर एक मेसेज आला. परवा तोच सासूबाईंच्या भजनी मंडळातून फिरून आला. आणि काल मावशीचा फोन. "अगं, ती ॲमेझॉनची शाल घेऊ का? गुडघ्यांना उतार पडतो म्हणतात. अठरा हजार आहे, पण दोन हप्त्यांत देतायत." मला आधी वाटलं, ॲमेझॉनवरून मागवायची शाल. नाही, जंगलातल्या ॲमेझॉनची!

मेसेज लांबलचक आहे, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. सार असं: पेरू देशातल्या शिपिबो जमातीचे 'शामन', म्हणजे वैदू-मांत्रिक, आयावास्का नावाचं भास घडवणारं पेय पिऊन, समाधी लावून ही कापडं रंगवतात. कापडावरची प्रत्येक रेघ म्हणजे औषधी गाण्याचं नोटेशन, बोट फिरवलं की गाणं वाचता येतं. दुखऱ्या जागी कापड ठेवलं की ते गाणं शरीरात 'वाजतं'. ही माणसं जगापासून आणि पैशापासून दूर राहतात. आणि शालीसोबत 'सेरेमनी सेट'मध्ये मकाऊ पोपटाच्या खऱ्या पिसांचा मुकुट, सवलतीत.

विकणारे पुण्यातलेच आहेत. नाव लिहीत नाही, उगाच त्यांची जाहिरात व्हायची.

पहिलं म्हणजे, ही कापडं शामन रंगवत नाहीत. बायका रंगवतात. या नक्षीला शिपिबो भाषेत 'केने' म्हणतात, आणि ते पिढ्यान् पिढ्या मुख्यतः बायकांचं काम आहे. आई, आजी, मावशी यांच्याकडून मुली शिकतात. मुलीच्या डोळ्यांत पिरिपिरी नावाच्या वनस्पतीचा रस घालायची रीत आहे, म्हणजे तिला मनात नक्षी दिसू लागते अशी समजूत. (पिरिपिरी आपल्या नागरमोथ्याच्या कुळातली. घरी करून बघू नका, डोळे जातील.) सगळ्या नक्ष्या मुळात रोनिन नावाच्या महासर्पाच्या कातडीवर आहेत, असं ते लोक मानतात. समाधी वगैरे लावायची गरज पडत नाही. उकयाली नदीकाठी, पुकल्पा शहराच्या आसपास, बाई जमिनीवर कापड पसरून बसते आणि काडीने रेघ ओढायला घेते. खाली पेन्सिलचं आरेखन नाही, छापा नाही, पट्टी नाही. तरी दोन्ही बाजू जुळतात.

रंगाची रीत तर आपल्याकडच्या माणसाला लगेच कळेल. झाडांच्या साली उकळून रस काढायचा, त्याने रेघा काढायच्या, उन्हात वाळवायच्या, मग वरून नदीकाठचा चिखल फासून धुवायचं. सालीतलं टॅनिन आणि चिखलातलं लोह यांची गाठ पडली की रेघ काळी पडते. आपल्याकडे हिरडा आणि लोखंड यांतून काळा रंग निघतो, तसंच. कापड तपकिरी हवं असेल तर ते महोगनीच्या सालीत उकळतात. हात, चिखल आणि ऊन, यातलं काहीही मेसेजमध्ये नाही. तिथे फक्त एक डोळे मिटलेला पुरुष आहे.

हे मला सगळ्यात जास्त लागलं. वारली चित्रांचं काय झालं ते आपण जवळून पाहिलंय. लग्नाचा चौक लिहायचा मान सवाशिणींचा. कला कागदावर आली, बाजारात गेली, आणि नाव झालं ते बहुतेक पुरुषांचं. जिव्या सोमा म्हसे मोठे कलावंत होते, त्याबद्दल वाद नाही. पण चौक लिहिणाऱ्या बायकांची नावं आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? मलाही नाही. शिपिबोंच्या बाबतीत तर हा पुण्याचा दुकानदार एका मेसेजमध्ये सगळ्या बायका पुसून मोकळा झाला.

आता ते नोटेशन. ही गोष्ट खूप गोड आहे आणि जगभर फिरलेली आहे, त्यामुळे एकट्या पुण्यातल्या दुकानाला दोष देता येत नाही. सुरुवात १९८०च्या दशकातली. अँजेलिका गेबहार्ट-सायर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी केने, गाणी आणि उपचार यांचं नातं मांडलं. त्या मांडणीतून पुढे पर्यटनवाल्यांनी 'कापडावर छापलेलं संगीत' करून टाकलं. २००९ साली 'इंडियाना' या संशोधनपत्रिकेत बेर्न्ड ब्राबेक दे मोरी आणि लाइदा मोरी सिल्वानो यांचा सविस्तर लेख आला. तो संगीताचा अभ्यासक, अनेक वर्षं त्या भागात राहिलेला. ती स्वतः शिपिबो. या रेघेला हा सूर, असा ठरलेला संकेत नाही, नक्षी ही स्वरलिपी नाही, हे त्यांनी दाखवलं. पाहुण्यांसमोर कापडावर बोट फिरवत बाई गाते, ते खरंच आहे. पण आपली आजी ओव्या म्हणत जात्यावर बसायची, म्हणून जात्याच्या टाक्यांवर ओव्या लिहिलेल्या नसायच्या!

अर्धं सत्य मात्र मान्य करावं लागतं, नाइलाज आहे. वैदू गाता गाता रोग्याच्या अंगावर नक्षी चढवतो, ही कल्पना शिपिबोंच्या उपचारात खरोखर आहे, आणि गाणं व नक्षी ही दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात असं सांगणारे लोकही आहेत. पण तिथे समोर वैदू असतो, पथ्य असतं, औषधी असते. कापड गुडघ्यावर गुंडाळून मालिका बघत बसायचा उपचार त्यांनी कुणाला सांगितलेला नाही. तो कोथरूडचा शोध. आणि आयावास्काबद्दल जपून: तिच्यातला डीएमटी हा पदार्थ आपल्याकडे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे. 'पुढच्या महिन्यात पेयासह शिबिर' ही मेसेजमधली ओळ मावशीच्या नजरेतून सुटली होती. माझ्या नाही.

'जगापासून, पैशापासून दूर'? लिमा म्हणजे पेरूची राजधानी, आणि तिथे कांतागायो नावाची शिपिबोंची अख्खी वस्ती आहे. ४ नोव्हेंबर २०१६ला ती आगीत भस्म झाली तेव्हा बातम्या झाल्या होत्या. तिथल्या बायका कापडं विकून घर चालवतात, भिंती रंगवतात, प्रदर्शनं भरवतात. त्यांना पैसा कळत नाही हे ज्याला सोयीचं आहे, तोच हे सांगत फिरतो.

मुकुटाचा मुद्दा मात्र थट्टेचा नाही. एक तर मेसेजमधल्या फोटोतला तो पसरट, उंच पिसांचा मुकुट कायापो लोकांच्या मुकुटासारखा दिसतो, आणि ते राहतात ब्राझीलमध्ये. म्हणजे पैठणीवर नागा शिरोभूषण घालून 'महाराष्ट्रीय नवरी' म्हणण्यासारखं. दुसरं, ब्राझीलच्या १९६७च्या कायद्याने जंगली प्राण्यांच्या वस्तू विकायला बंदी आहे आणि १९९८च्या कायद्याने तो गुन्हा आहे. तिसरं, लाल मकाऊ साइट्स कराराच्या, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे देशादेशांमधला व्यापारी व्यवहार बंद. पीस मारून काढलंय की आपोआप गळलंय, याने फरक पडत नाही. मेसेजमधलं 'नैसर्गिकरीत्या गळलेली पिसं' हे वाक्य कस्टमवाल्यापुढे चालायचं नाही. त्या करारातल्या प्राण्यांची तरतूद आपल्या वन्यजीव कायद्यातही २०२२च्या दुरुस्तीने आली. पिसं खरी असतील तर मावशी अडचणीत. खोटी असतील तर कोंबडीच्या पिसांचे पैसे मकाऊच्या भावाने गेले.

मावशीचं म्हणणं होतं, "जाऊ दे गं, त्या बायकांना दोन पैसे तर मिळतील." हा मेसेजमधला एकमेव मुद्दा, ज्याच्याशी माझं भांडण नाही. विकायला केलेलं केने खोटं नसतं. विधीतलं नाही म्हणून कमअस्सल, असंही नाही. बाईने आपल्या हाताने काढलं, तिला तिचा भाव मिळाला, झालं. प्रश्न एवढाच, की मिळाला का? पेरू सरकारने २००८ साली केनेला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा जाहीर केलं, पण त्या सन्मानाने कारखान्यातली छपाई थांबत नाही. २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी दिसली, नाव मात्र नव्हतं, तेव्हा याच ग्रुपवर केवढा संताप उसळला होता. तेच लोक आज ही शाल पुढे ढकलतायत.

मी मावशीला दुकानाने पाठवलेले फोटो मोठे करून बघायला सांगितले. मागच्या कपाटात नऊ शाली घडी घालून ठेवलेल्या, नऊच्या नऊ अगदी एकसारख्या. डावीकडच्या कोपऱ्यातली रेघ जिथे तुटली होती, तिथेच नऊही ठिकाणी तुटली होती. हाताने काढणाऱ्या बाईची चूक नऊ वेळा त्याच जागी होत नाही.

मावशीने तरी दुकानात फोन लावला. मी सांगितलेले प्रश्न विचारले: कुणी काढली, कुठल्या गावात, तिला किती दिले? समोरचा म्हणाला, ही माहिती 'ऊर्जेच्या गोपनीयतेमुळे' देता येत नाही. मावशी बँकेतून निवृत्त झालेली आहे. ती म्हणाली, "बरं, मग पक्कं बिल तरी द्याल का?"

त्यानंतर दुकानवाल्यांनी तिला त्यांच्या ग्रुपमधून काढून टाकलं. गुडघ्यासाठी गुरुवारी हाडांच्या डॉक्टरकडे जायचंय, गाडी मी नेणार आहे.