आठ रात्री, एकच गाव

पुढच्या जूनमध्ये आम्ही चौघे जर्मनीला जाणार असे कळल्यावर घरच्या मंडळींनी पहिला प्रश्न विचारला तो "पॅरिस किती दिवस, स्वित्झर्लंड किती दिवस?" हा. आठही रात्री नैऋत्य जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ वनप्रदेशाच्या दक्षिण भागातल्या श्योनाऊ नावाच्या एकाच गावात काढणार आहोत, असे सांगितल्यावर "एवढं तिकीट काढून एकच गाव?" असे विचारून आत्यांनी सगळ्यांच्याच मनातले बोलून दाखवले. त्यांना तेव्हा मला धड उत्तर देता आले नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

पर्यावरणाला जपणारी सहल म्हटली की आपल्याला न्हाणीघरातली 'टॉवेल पुन्हा वापरा' ही पाटी आठवते. परंतु मुंबई ते फ्रँकफर्ट हे अंतर एका बाजूने सुमारे साडेसहा हजार किलोमीटर आहे, आणि त्या विमानात जळलेले इंधन बांबूच्या टूथब्रशने भरून निघत नाही. तेव्हा क्वचित जावे, गेलो की मुक्काम लांबवावा आणि तिथे पोहोचल्यावर पुन्हा विमान किंवा भाड्याची मोटार घेऊ नये, एवढेच प्रामाणिकपणे आपल्या हातात उरते. चौदा दिवसांत दहा देश पाहण्याच्या कार्यक्रमात यातले काहीच बसत नाही.

ब्लॅक फॉरेस्ट आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे, पण ते टिटिसेच्या तळ्याकाठी बस तासभर थांबते तेवढेच: कुकू घड्याळांचे दुकान, केकचा तुकडा आणि शिट्टी वाजली की परत बसमध्ये. वास्तविक हा प्रदेश उत्तर-दक्षिण सुमारे दीडशे किलोमीटर पसरलेला आहे आणि मोटारीवाचून फिरण्याची सोय तिथे फार विचारपूर्वक केलेली आहे. इथल्या बहुतेक गावांत मुक्कामी पाहुण्याकडून दर रात्रीमागे एक छोटा कर घेतात, आणि योजनेत सामील असलेल्या गावांत त्याच्या बदल्यात 'कोनुस' नावाचे कार्ड मिळते. ते दाखवले की प्रदेशभरातल्या बसगाड्या आणि लोकल रेल्वे मोफत. वेगवान आयसीई गाड्या मात्र त्यात येत नाहीत. गावे त्या करातलाच थोडा हिस्सा वाहतूक व्यवस्थेला देतात, त्यामुळे हा खर्च पाहुण्यांमधूनच निघतो. प्रत्येक गाव यात नाही, म्हणून खोली ठरवण्याआधी घरमालकाला हे विचारून घ्यावे.

आम्ही विमानतळावरून रेल्वेने बाझेलला, तिथून लोकलने त्सेलपर्यंत आणि पुढे बसने श्योनाऊला जाणार आहोत. त्सेलहून टोटनाऊला जाणारी जुनी अरुंद रेल्वे 1967 मध्ये बंद पडली आणि आज तिच्या मार्गावर सायकलवाट आहे, हे मुलांना आत्ताच पाठ झाले आहे. जवळच्या 1,414 मीटर उंचीच्या बेल्खन डोंगरावर 2001 पासून गोंडोला, म्हणजे तारेवरून सरकणारी केबिन, जाते, आणि ती सुरू झाल्यापासून माथ्याकडे जाणारा रस्ता खासगी मोटारींना बंद आहे. आपल्याकडे एखाद्या गडाच्या माथ्यापर्यंतचा रस्ता असा बंद केला तर काय गदारोळ होईल, ते सांगायला नको.

श्योनाऊच निवडण्याचे खरे कारण मात्र निराळे आहे. 1986 च्या चेर्नोबिलच्या अपघातानंतर या जेमतेम अडीच हजार वस्तीच्या गावातल्या काही पालकांनी अणुवीज नको म्हणून चळवळ सुरू केली. डॉक्टर मिखाएल स्लाडेक आणि त्यांच्या पत्नी उर्सुला तिच्या अग्रभागी होत्या. 1991 आणि 1996 अशी दोन सार्वमते जिंकून, वर्गणी गोळा करून 1997 मध्ये गावकऱ्यांनी आपल्या गावाचे वीजजाळे विकत घेतले. पुढे चर्चच्या छपरावरही सौर पटले बसली. मुलांना आयफेल टॉवर नंतरही पाहता येईल. हे छप्पर त्यांनी आधी पाहावे, असे मला वाटते.

राहायला आम्ही हॉटेलऐवजी शेतकऱ्याच्या घरातली दोन खोल्यांची जागा पाहतो आहोत, आणि यात नुसती हौस नाही. इथल्या उभ्या उतारांवर गावाची सामाईक कुरणे आहेत. आपल्या भाषेत सरळ गायरानेच. लहान चणीच्या, काटक हिंटरवेल्डर गाई तिथे चरतात म्हणून ती मोकळी राहतात, आणि चराई थांबली की काही वर्षांतच तिथे झाडी माजते. 2017 मध्ये युनेस्कोने या भागाला जीवावरण क्षेत्र (बायोस्फिअर रिझर्व्ह) म्हणून मान्यता दिली, त्यातही ही कुरणे महत्त्वाची ठरली. केवळ अशा गाईंवर घर चालवणे अवघड असल्याने पाहुण्यांच्या भाड्याचा शेतकऱ्याला आधार होतो. आमचे पैसे तिथे गेलेले मला अधिक बरे वाटतात.

जेवणाबाबत आत्यांना काळजी आहे, पण जागेत स्वयंपाकघर आहे आणि नळाचे पाणी निर्धास्त पिता येते. तांदूळ, मूगडाळ आणि मेतकूट आम्ही घेऊन जाऊ. तूप मात्र नेता येत नाही, कारण युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना दुग्धजन्य पदार्थ आणण्याची मनाई आहे. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी दुपारपर्यंत गावात पोहोचून लोणी, भाज्या आणि हंगाम असेल तर स्ट्रॉबेरी घेऊन ठेवायच्या, असे ठरले आहे. लोणी कढवून तूप करण्याचे काम आत्यांनी फोनवरून शिकवायचे कबूल केले आहे.