डोंगर नुसता झिजत नाही, बसतोसुद्धा (एका प्रतिक्रियेला लांबलचक उत्तर)

नॉर्वेच्या डोंगरांवरच्या पोस्टखाली तुम्ही लिहिलंत की खंड आदळले की डोंगर वर येतो आणि मग ऊनपावसाने, नद्यांनी झिजतो, एवढं शाळेतलं पोरगंही सांगेल, "डोंगर स्वतःच्या वजनाने पसरतो" ही तुमची फेकाफेकी आहे, आणि तसं असेल तर हिमालय का नाही पसरत? वर सह्याद्री सोडून नॉर्वेत कशाला कडमडलात हेही आहेच. कमेंटच्या डब्यात मावेना म्हणून इथे लिहितोय.

झीज होते हो, कोण नाही म्हणतंय. पण डोंगराला खाली जाड मूळ असतं आणि ते खालच्या जड खडकावर तरंगत असतं, त्यामुळे वरचं ओझं कमी झालं की सगळंच वर उचललं जातं, म्हणजे 1 किलोमीटर खडक धुऊन गेला तरी उंची जेमतेम दीडदोनशे मीटरने उतरते. नुसत्या पावसाच्या भरवशावर हे काम फार रेंगाळतं.

पण माझा खरा मुद्दा नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. 40 कोटी वर्षांहून आधी तिथे आयापेटस नावाचा समुद्र मिटला आणि आजच्या नॉर्वेचा कडा ग्रीनलंडच्या बाजूच्या खंडाखाली घुसला. किती खोल? 1984 मध्ये डेव्हिड स्मिथ या भूवैज्ञानिकांना तिथल्या खडकात कोएसाइट सापडलं. हे क्वार्ट्झचंच दाबून घट्ट झालेलं रूप, ते तयार व्हायला साधारण 90-100 किलोमीटर खोलीचा दाब लागतो. आता त्याच भागात हॉर्नेलेनला या, तिथे वर बसलेत वाळूचे आणि गोट्यांचे थर, नदीने आणून टाकलेले, त्यामानाने किरकोळ तापलेले. नद्यांनीच जर शंभर किलोमीटर खरवडून तो खालचा खडक उघडा केला असता तर मधला सगळा माल गेला कुठे? तो गेलाय मधल्या एका फॉल्टमधून, म्हणजे खडक जिच्यावरून सरकतात अशा भेगेतून. तिथे काही किलोमीटर जाडीचा मायलोनाइट आहे, म्हणजे कणकेसारखा मळून निघालेला खडक, रेघारेघांचा, आणि त्या रेघा सांगतात की वरचा भाग पश्चिमेकडे घसरला. आदळताना तोच माल पूर्वेकडे चढला होता! ज्या वाटेने चढला तीच वाट परतीला वापरली.

हॉर्नेलेनच्या थरांची जाडी मोजत गेलं तर 25 किलोमीटर भरते. तेवढा खड्डा तिथे कधीच नव्हता. तळ सरकत गेला आणि प्रत्येक नवा थर आधीच्याच्या मागे कलून बसत गेला, पत्त्यांचा कॅट हाताने लोटल्यावर बसतो तसा.

पसरणं म्हणजे काय ते आजीच्या कोठीत बघितलेलं आठवतं. गुळाची ढेप, बत्त्याने हाणलं की ठिकऱ्या उडायच्या, पण मे महिन्यात गोणपाटात तशीच ठेवली की खालून बसायची, बाजूला फुगायची आणि वरच्या कडक पापुद्र्याला तडे जायचे. डोंगराखाली जाड झालेल्या पृथ्वीच्या कवचाचंही तसंच, तळ तापून मऊ होतो, वरचा भाग फुटतो.

आता तुमचं जिथे बरोबर आहे ते. मी लिहिलं होतं की सगळं वजनानेच झालं. ते अर्धंच. अँडरसन आणि यामट्वाइट या भूवैज्ञानिकांनी 1990 मध्ये वजनाने कोसळण्याची बाजू मांडली, पण हाकोन फॉसेन यांचं म्हणणं असं की खालचा खंडच मागे ओढला गेला आणि त्याने वर चढलेल्या खडकांच्या चादरी उलट्या दिशेने फिरवल्या. मला स्वतःला फॉसेन जास्त पटतात, तरी पोस्टमध्ये ते आलं नाही, चूक माझी.

हिमालय का नाही पसरत म्हणता? पसरतोय की. एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रातला जुना चुनखडक आहे आणि त्याच्या थोडंसंच खाली एक निजता, कमी उताराचा फॉल्ट आहे, वरचा भाग त्यावरून उत्तरेला तिबेटकडे घसरलाय. आणि तिबेट तर आत्ताही पूर्व-पश्चिम ताणला जातोय, कवच सुमारे 70 किलोमीटर जाड, नेहमीच्या जवळपास दुप्पट. 7 जानेवारी 2025 ला डिंगरीत भूकंप झाला ना, एव्हरेस्टच्या उत्तरेला, तो दाबाचा नव्हता, ताणाचा होता. भारत खालून ढकलतोच आहे आणि वर तिबेट फाटतोय, दोन्ही एकाच वेळी. मी मात्र लिहिलं होतं "आदळणं थांबल्यावर डोंगर पसरतो". तुमच्या हिमालयाच्या टोमण्यामुळेच ते वाक्य मला पुन्हा वाचावं लागलं. (मुस्तांगमधली थाक्खोला दरी हीपण तशीच ताणाची फट, तिच्यातून काली गंडकी वाहते, आपल्या देवघरातले शाळिग्राम येतात त्याच नदीतून.)

सह्याद्री या खेळात नाही. तो लाव्हाचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, कोणी कोणावर आदळून झालेला नाही, म्हणून नॉर्वे.

पोस्टमध्ये "थांबल्यावर" काढून तिथे "चालू असतानाही" घातलंय, आणि फॉसेनचा परिच्छेद खाली जोडलाय. "फेकाफेकी" मात्र परत घ्या राव.