साखर पानात बनते, घडाच्या उन्हात नाही

गोडी छाटणीनंतर मण्यांत पाणी उतरू लागलं, म्हणजे ते मऊ आणि गोड होऊ लागले, की वाइन द्राक्षांच्या बागायतदारांत एक सल्ला फिरतो: “घडाजवळची सगळी पानं काढा. ती साखर खातात. घडाला थेट ऊन लागलं की ब्रिक्स चढतो.” ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप.

“पानं साखर खातात.” कोवळं पान खातं, तेही साधारण निम्मं वाढेपर्यंत. पुढे ते साखर देणारं होतं. पानात बनलेलं सुक्रोज देठातून मण्यात येतं आणि तिथे फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं. हिरवा मणी स्वतः थोडीफार साखर बनवतो, पण पाणी उतरल्यावर तेही जवळपास थांबतं. किलोभर द्राक्षं नीट पिकायला साधारण ०.८ ते १.२ चौरस मीटर पानं लागतात. पानं काढलीत तर भरणार कोण?

“थेट ऊन.” वेलीच्या पानाला भर उन्हाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा प्रकाशही पुरतो. ३५ अंशांपुढे पानाची रंध्रं, म्हणजे हवा आत घेणारी बारीक छिद्रं, मिटू लागतात, साखर बनवायचं काम मंदावतं. उघडा घड मात्र दुपारी हवेपेक्षा १० अंशांनी जास्त तापू शकतो. मग द्राक्षाला आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल झपाट्याने घटतं, पीएच चढतो, शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षाचा रंग फिका पडतो. वाइनरीत त्याची किंमत मोजावी लागते: वाइन टिकवायला पीएच ३.४ ला जेवढा मुक्त सल्फर डायऑक्साइड पुरतो, त्याच्या दुपटीहून जास्त ३.८ ला लागतो.

“ब्रिक्स चढतो.” चढतो, हे खरं, आणि इथेच फसगत होते. ब्रिक्स मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर रसाचा दाटपणा दाखवतो, मण्यात नवी साखर आली की नुसतं पाणी उडालं हे त्याला कळत नाही. म्हणून बागेतून १०० मणी निवडून वजन करा, ब्रिक्स घ्या, आठवड्याने पुन्हा तेच करा. समजा, आधी १५० ग्रॅम आणि २१ ब्रिक्स, नंतर १३७ ग्रॅम आणि २३. ढोबळ गुणाकार दोन्ही वेळा साडेएकतीस ग्रॅम. साखर तेवढीच, मालाचं वजन मात्र गेलं.

सल्ल्यात तथ्य एवढंच की पानांच्या दाट गर्दीत भुरी हा बुरशीचा रोग पडतो आणि आतली, सावलीतली पानं फारसं कमवत नाहीत. पण पानं काढायची वेळ मणी धरल्यानंतर लगेच, ते कडक हिरवे असताना. दक्षिणोत्तर ओळीत पूर्वेकडून, सकाळच्या उन्हाच्या बाजूने, प्रत्येक काडीवरची घडाजवळची दोन-तीन पानंच काढा. पश्चिमेकडची राहू द्या. पाणी उतरल्यावर फक्त पिवळी पडलेली.